एकच अणू

बसने करकचून ब्रेक मारला आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईने तोल सावरायला तिचं मनगट धरलं. दोन सेकंद, फार तर अडीच. हात कोरडा होता, उबदार होता, आणि पकड अशी, जणू या मनगटाची त्या हाताला वर्षानुवर्षांची सवय असावी. मग बस पुन्हा चालू लागली, हात सुटला, बाई काहीतरी माफी मागितल्यासारखं पुटपुटली आणि पुढच्या स्टॉपला उतरून गेली. चेहरा धड पाहायचाही राहून गेला. मनगटावरची तेवढी जागा मात्र वेगळी वाटत राहिली, थोडी जास्तच जिवंत. कोण असेल? शिक्षिका, शिंपीण, कुणाची तरी मोठी बहीण? एवढ्याशा स्पर्शावरून माणूस ओळखायचा तरी कसा, असं मनात आलं आणि तिला बसमध्येच हसू फुटलं. कारण गेली बावीस वर्षं तिचा धंदा हाच होता. कुणी तरी क्षणभर कुठे तरी टेकतं आणि जातं. तेवढ्यावरून ते कोण, कसल्या स्वभावाचं, कुणाच्या घराण्यातलं हे तिने सांगायचं.

शहराच्या कडेला, मालधक्क्याच्या मागे तिची प्रयोगशाळा होती. तिथे एका लांबलचक यंत्रात कॅल्शियमचे अणू अफाट वेगाने पळवायचे आणि प्लुटोनियमच्या, कांद्याच्या सालीहून पातळ अशा पापुद्र्यावर आदळायचे. एका सेकंदात लाखो कोटी अणू, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. बहुतेक सगळे फुकट जायचे. आठ-दहा दिवसांतून एकदा, कधी तीन आठवड्यांतून एकदा, दोन केंद्रकं एकमेकांत अशी मिसळायची की एकशे चौदा नंबरचा एक अणू जन्माला यायचा. एकच. पृथ्वीवर कुठल्या खाणीत, कुठल्या समुद्रात तो सापडत नाही. त्याला वायूच्या झुळुकीबरोबर एका अरुंद बोगद्यात सोडायचं. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या बत्तीस पट्ट्या, पहिली खोलीइतकी उबदार, शेवटची हाडं गोठवणारी थंड. अणूला सोन्याची ओढ असेल तर तो सुरुवातीलाच चिकटणार, अलिप्त असेल तर वाहत वाहत थंड टोकाकडे जाणार. मग दोनेक सेकंदांत तो मोडणार, आणि मोडताना जो कण फेकेल त्यामुळे ती पट्टी संकेत देणार. तो जगला हे त्याच्या मोडण्यावरूनच कळायचं. नवरा घरी आलेल्यांना सांगायचा की हिचा जीव जगात दोघांवरच आहे, एक तो अणू आणि दुसरा मी, त्यातला अणू निदान दोन सेकंदांत गप्प तरी होतो.

हे सगळं तिच्या डोक्यात भरवलं होतं सरांनी. ती त्यांच्याकडे संशोधनाला आली तेव्हा त्यांच्या खोलीत भिंतभर आवर्तसारणी होती, छापील नव्हे, स्वतः जोडलेल्या कागदांची. वरच्या ओळींतली मूलद्रव्यं शाईने लिहिलेली, अगदी खालच्या ओळीतली पेन्सिलने. सर त्या पेन्सिलच्या चौकटींसमोर उभे राहायचे तेव्हा त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, झोपलेल्या मुलांच्या खोलीत बोलल्यासारखा. उभा स्तंभ म्हणजे घराणं, ते सांगायचे. वडीलधाऱ्यांवरून धाकट्याचा अंदाज बांधायचा. एकशे चौदाच्या डोक्यावर शिसं बसलंय, म्हणून सगळे म्हणतात तोही शिशासारखाच धातू असणार. पण इतक्या जड केंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी करायला निघतात, त्यांच्या कक्षा आवळतात, सगळं घरच आतून आकसतं. सरांच्या गणिताप्रमाणे या धाकट्याने घराण्याशी संबंधच तोडले होते. तो कुणात न मिसळणाऱ्या निष्क्रिय वायूसारखा वागणार, सोन्याकडे ढुंकून पाहणार नाही. हे गणित त्यांनी सात वर्षं केलं होतं. कागदांच्या चळती खिडकीच्या गजांपर्यंत आल्या होत्या आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे विद्यार्थी काकू म्हणत, म्हणायच्या की घरात उजेड यायचा असेल तर त्या अणूला लवकर काय ते ठरवायला सांगा.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतः बांधलेल्या बोगद्यात एक अणू सापडला होता, तिसऱ्या पट्टीवर. उबदार टोकाला. म्हणजे त्याने सोनं दिसताक्षणी धरलं होतं, म्हणजे तो धातू होता, शिशाच्या घराण्यातलाच, म्हणजे सर चुकले होते. तिने मोठ्या सभागृहात हे मांडलं. पडद्यावर तिसरी पट्टी लाल रंगात दाखवली. प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या रांगेतून सर उठले आणि एवढंच म्हणाले, "एकच अणू?" तिला ते झोंबलं. तीन वर्षांची मेहनत त्या दोन शब्दांत उडवून लावल्यासारखी. ती पटकन म्हणाली, "एक असला तरी असतोच ना सर." सभागृह हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, पण तीनशे माणसांचं होतं. सर खाली बसले. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. तिने फोन केला नाही, कारण पहिले दोन महिने तिला वाटत होतं की त्यांनी करावा, आणि त्यानंतर इतका उशीर झाला होता की काय बोलायचं हेच कळेना. असं करत करत नऊ वर्षं. प्रयोगशाळेत पाठीमागे तिला शिसेबाई म्हणतात हे तिला ठाऊक होतं. तिला ते नाव मनातून आवडायचंही. पण कधी जिन्यात, कधी भाजी निवडताना ते हसणं कानांत यायचं आणि हातातलं काम थांबायचं.

त्या सकाळी बसमधून उतरून ती पोचली तेव्हा मोजणीवाला दारातच उभा होता. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आकड्यांचा किडा, एरवी खुर्चीतून हलायला कंटाळणारा.  तो म्हणाला की नऊ वाजून बारा मिनिटांनी एक आला. एकोणतिसाव्या पट्टीवर. पहिला कण, बावीस सेकंदांनी त्याच जागी दुसरा, त्यानंतर उरलेला अणू फुटून दोन तुकडे. तिन्ही संकेत जिथे हवेत तिथे, जसे हवेत तसे. तिने खुर्ची ओढली आणि आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. एकोणतीस म्हणजे थंड टोक, शून्याखाली शंभराच्याही खूप खाली. मधली सगळी वर्षं नवा, स्वच्छ बोगदा उभारण्यात गेली होती; तो चालू झाल्यावर तीन आठवड्यांपूर्वी असाच एक सत्ताविसाव्या पट्टीवर आला होता आणि तिने तो योगायोग म्हणून बाजूला ठेवायला लावला होता. आता दोन झाले. नऊ-बारा. त्या वेळी ती बसमध्ये होती, गजाला लटकलेली. इकडे या पोलादाच्या पेटीत जगात कुठेही नसलेली एक गोष्ट झाली होती, सत्तावीस-अठ्ठावीस पट्ट्यांवरून तरंगत गेली होती, अंगाला सोनं लावून न घेता, आणि शेवटी अगदी गारठल्यावर टेकली होती. तिच्या अंगावर काटा आला. आपण चुकलो हे त्यानंतर, सावकाश, काटा विरल्यावर लक्षात आलं.

मग तिने ते केलं जे करायला नको असं आतून कुणी तरी सांगत होतं. नऊ वर्षांपूर्वीची नोंद काढली. तेव्हाच्या पट्ट्या आजच्या इतक्या स्वच्छ नव्हत्या, पोलोनियमचं बारीकसं खरकटं त्यांच्यावर कायम असायचं आणि तेही असेच संकेत द्यायचं. तेव्हा तिने हिशेब केला होता की खरकट्याने असा देखावा उभा करण्याची शक्यता दहा हजारांत एक. आज खरकट्याचं खरं प्रमाण माहीत होतं. मोजणीवाल्याने ते घालून पुन्हा हिशेब केला आणि पडदा तिच्याकडे वळवला. पाचांत चार.  तिसऱ्या पट्टीवरचा तो अणू तिने नऊ वर्षं जपला होता, काही माणसं पहिलं पत्र जपतात तसा. त्याच्यासाठी ती सरांशी भांडली होती. आणि तो बहुधा नव्हताच. मोजणीवाला खाली बघत म्हणाला की जुन्याचा विषय काढायची गरज नाही, नवे दोन पुरेसे आहेत, लोक आपोआप विसरतील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक विसरले असते. तिने पर्स उचलली आणि संध्याकाळपर्यंत येते म्हणून सांगितलं.

सरांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. भर दुपार होती, रस्ते रिकामे, दुकानदार काउंटरवर डोकं टेकून पेंगत होते. वाटेत तिने वाक्यं जुळवली आणि मोडली. दार काकूंनी उघडलं. क्षणभर पाहिलं, आणि काल संध्याकाळीच येऊन गेलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "चपला आत काढ, बाहेर कुत्रं नेतं." आतल्या खोलीत सर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात पुढे धरून, हातांवर राखाडी लोकरीची लड. समोर काकूंचा अर्धा झालेला गुंडा. डोळे गेले होते त्यांचे. पूर्ण नाही, पण मधलं सगळं पुसलं गेलं होतं, कडेचं थोडं दिसायचं. म्हणून त्यांनी मान वाकडी करून तिला कडेच्या नजरेत घेतलं. काकू पुन्हा गुंडाळायला बसल्या. लोकर सरांच्या एका हातावरून दुसऱ्या हातावर येत, सुटत राहिली.

"सर, दोन आलेत," ती म्हणाली. नमस्कारही राहून गेला.

"कितव्या पट्टीवर?"

"सत्तावीस आणि एकोणतीस."

लोकरीतले हात स्थिर झाले. त्यांनी तापमान विचारलं, वायूचा वेग विचारला, किती सेकंद जगला ते विचारलं. ती सांगत गेली. विद्यार्थिनी असताना सांगायची तसंच, आणि आपला आवाजही तेव्हासारखाच पातळ झालाय हे तिला ऐकू येत होतं. सर तोंडातल्या तोंडात आकडेमोड करत होते. मग हसले. त्यांच्या गणिताप्रमाणे तो सोन्यावर थांबायलाच नको होता, ते म्हणाले, त्याने बोगदा ओलांडून सरळ बाहेर पडायला हवं होतं. तो थांबला याचा अर्थ तेही चुकले. शिसं नाही आणि निष्क्रिय वायूही नाही. या दोघांच्या मधलं, कुणाला न सुचलेलं काही तरी. "बघ," ते म्हणाले, "कुणाचंच ऐकलं नाही त्याने."

मग ते त्या सभागृहाबद्दल बोलू लागले, तिने विषय काढायच्या आधीच. एखाद्या आवडत्या जागेबद्दल बोलावं तसे. तिला वाटलं आपण काही तरी चुकीचं ऐकतोय.

"मी प्रश्न विचारलाच नव्हता गं," ते म्हणाले. "तोंडातून निघून गेलं. सात वर्षं मी त्याचं गणित केलं, पण त्या चौकटीत खरंच कुणी राहत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि तू सांगितलंस, आहे, तिसऱ्या पट्टीवर टेकून गेला. एकच अणू, आणि त्याला आपण विचारू शकतो की तू कसा आहेस, आणि तो सांगतो. मी तर गारच झालो. मी चुकलो वगैरे नंतर सुचलं."

"मग तुम्ही नऊ वर्षं बोलला का नाहीत सर?"

"तू कुठे बोललीस?"

"एका माळेचे मणी," काकू गुंड्याकडे बघत म्हणाल्या. "मी दरवर्षी म्हणत होते."

आता सांगायलाच हवं होतं, आणि आता सांगणं सगळ्यात अवघड झालं होतं. ते रागावलेले असते तर तिने जुन्या अणूचं सांगून स्वतःला शिक्षा तरी करून घेतली असती. पण हा माणूस नऊ वर्षं त्या एका अणूवर थक्क होऊन बसला होता, डोळे गेल्यावरही कदाचित त्याच्याकडेच बघत. तिने पोलोनियमच्या खरकट्याचं सांगितलं. दहा हजारांत एक नाही, पाचांत चार, हे सांगितलं. तो बहुधा नव्हता सर, असं म्हणाली. सरांचे हात हळूहळू मांडीवर आले, लोकर सैल पडून गुंतली, काकूंनी ती सोडवायचा प्रयत्न केला नाही. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होता आणि खालून कुणी तरी गादी झटकत होतं. तिला वाटलं आपण सरांच्या हातातून काही तरी काढून घेतलं. सरांनी मान वाकडी करून तिला पुन्हा कडेच्या नजरेत घेतलं.

"आणि आजचा?"

"तो होता."

"नक्की?"

"लाखात एकदा चूक होईल इतकं नक्की."

त्यांनी मान हलवली. "मग मला तिथे ने. दिसणार नाही, ठाऊक आहे. तू सांग, मी ऐकेन."

त्याच आठवड्यात तिने पत्र लिहिलं, ज्या नियतकालिकात नऊ वर्षांपूर्वी छापून आलं होतं त्यालाच. तिसऱ्या पट्टीवरचा अणू बहुधा अणू नव्हता, तो निष्कर्ष मी मागे घेते आहे. मोजणीवाल्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, 'बहुधा' काढा. होता म्हणा नाही तर नव्हता म्हणा." तिने काढलं नाही. पाचांत चार म्हणजे बहुधाच. इतकी वर्षं जे खात्रीने बोलली होती त्याबद्दल निदान शेवटचं वाक्य तरी मापात असावं. पत्र गेलं तेव्हा तिला वाटलं होतं फार रितं वाटेल. तसं झालं नाही. डोळ्यांसमोर एकोणतिसावी पट्टी येत राहिली. रोज भांडी घासताना, दात घासताना ती आठवायची आणि प्रत्येक वेळी छाती थोडी मोठी झाल्यासारखी वाटायची.

सर दुपारी येऊ लागले. काकू त्यांना घेऊन यायच्या, त्यांना नियंत्रणकक्षातली एक जुनी खुर्ची मिळाली होती, काकूंना पंख्याखालची. पहिल्या दिवशी सगळे येऊन भेटून गेले, दुसऱ्या दिवशी चारजण आले, मग कुणी नाही. सर पंपांचा आवाज ऐकत बसायचे आणि म्हणायचे की आज दोन नंबरचा पंप कुरकुरतोय, आणि तो खरंच कुरकुरत असायचा. तिला विचारायचे, आत्ता होऊ शकेल? ती म्हणायची, आत्ताही होऊ शकेल. चार दिवस, आठ दिवस. काहीच होत नव्हतं. कॅल्शियमचा झोत चालू होता, प्रत्येक सेकंदाला लाखो कोटी अणू त्या पापुद्र्यावर डोकं आपटून वाया जात होते, आणि हे चौघंजण बसून होते, एक विणकाम करत. तिला याचा कंटाळा आला नाही. बावीस वर्षांत तिने कधी नुसतं बसून वाट पाहिली नव्हती, यंत्र वाट पाहायचं आणि ती सकाळी येऊन नोंद वाचायची. आता तिला पहिल्यांदा कळत होतं की नोंद म्हणजे काय असतं आणि तिच्या आधी किती मोठी शांतता असते.

बाराव्या दिवशी, तीन वाजून गेल्यावर, पडद्यावर तिसाव्या पट्टीची चौकट उजळली. ऊर्जेचा आकडा तिने वाचला, पुन्हा वाचला. "सर," ती म्हणाली, "तिसावी. पहिला संकेत. ऊर्जा बरोबर आहे."

सरांनी काही विचारलं नाही. ते मोजू लागले. एक, दोन, तीन. हा खरंच तोच असेल तर मोडल्यावर मागे राहिलेला त्याचा वारस त्याच पट्टीवर बसला असणार, आणि मिनिटभरात तोही मोडणार. नसेल तर नुसतंच खरकटं, पुढे काही येणार नाही. सात, आठ, नऊ. मोजणीवाला खुर्चीतून अर्धा उठून तसाच राहिला. तीही मोजायला लागली, आधी मनात, मग मोठ्याने. पंधरा. सोळा. काकूंच्या सुया थांबल्या. भिंतीपलीकडे, सात-आठ पावलांवर, सोन्याच्या त्या थंड पट्टीवर या क्षणी काही तरी टेकलेलं होतं किंवा नव्हतं, आणि ते असेल तर ते इथे, आत्ता, त्यांच्या मोजण्याबरोबर जगत होतं. बावीस. मागचा बाविसाला आला होता. तेवीस. तिला श्वास घ्यायचं भान राहिलं नव्हतं, आकडे आपोआप बाहेर पडत होते. तीस. सरांचा आवाज खाली गेला होता, पेन्सिलच्या चौकटींसमोर जायचा तसा. छत्तीस. सदतीस. तिच्या मनात आलं, नाही आला तरी चालेल, आणि लगेच कळलं की हे खोटं आहे. चाळीस.

एकेचाळिसाव्याला चौकट पुन्हा उजळली. तिसावीच. तिने पाहिलं, मोजणीवाल्याने पाहिलं. सर मात्र मोजतच होते, बेचाळीस, त्रेचाळीस, कारण त्यांना दिसत नव्हतं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आला," ती म्हणाली.

सर थांबले. त्यांच्या खांद्यातली थरथर तिच्या तळव्यात आली. मग त्यांनी घसा साफ केला. अजून तिसरा संकेत बाकी होता.

"पुन्हा एकपासून," ते म्हणाले, आणि या वेळी काकूही मोजू लागल्या.